डाव्या बाजूची सीट

३ नोव्हेंबर, सोमवार

गोपाळ भांडत न्हाई, म्हणून ही वही. आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, पण वहीत घ्यायला कुणाच्या बापाची भीती हाय? गोपाळ, गोपाळ, गोपाळ. झालं.

आज सकाळी मी त्याला म्हणले, शेळ्यांचा पाला संपलाय, बाभळीच्या चार फांद्या तोडून आणा. चहाचा कप हातात धरून बसला होता. माझ्याकडंच बघायलाय, पण बोलत न्हाई. दोनदा म्हणले, तिसऱ्यांदा वरडून म्हणले. नुसतं शर्टाचं बटण चिवडायलाय. कप कलला, गरम चहा मांडीवर सांडला, तरी ध्यान जाग्यावरून हललं न्हाई. मग एकदम, "काय म्हणलीस?" जसं काय मी आत्ताच तोंड उघडलं. इतका राग आला मला! माणसानं आपल्याला दोन ऐकवावे, आपण चार ऐकवावे, मग जेवण गोड लागतं. हा तर भिंत झालाय भिंत.

तर बबिताची मागच्या वर्षीची, सातवीची, अर्धी कोरी राहिलेली वही घेतली. आता हिच्याशीच भांडायचं.

मूळ गोष्ट ऱ्हाऊनच गेली. मला लायसन काढायचंय. आमची वस्ती बोरीपासून दोन किलोमीटर. तीस शेळ्या, पंधरा मेंढरं, अन् एक पिकअप. आमची अन् आसपासच्या वस्त्यांवरची जनावरं बाजाराला न्यायची, ह्याच्यावर घर चालतं. गाडी गोपाळच चालवतो. ऑक्टोबरात एक दिवस उठला अन् म्हणला, "शीले, आवर, तुझं लर्निंग काढायचंय." मला वाटलं चेष्टा करायलाय. खरंच एसटीनं घेऊन गेला परभणीला. अन् परत येताना म्हणतो, "संक्रांतीपर्यंत पक्कं लायसन काढ. न्हाई निघालं तर गाडी चंद्रभानला इकून टाकतो."

चंद्रभान म्हणजे पलीकडच्या वस्तीवरचा, शेळ्यांचा व्यापारी. त्याचा डोळा हायच गाडीवर. गाडी गेली तर मग काय, दुसऱ्याच्या रानात कापूस येचायला जायचं अन् आपली शेळी दुसऱ्याच्या गाडीत कोंबायची. ही कुठली धमकी? हौशीनं शिकवायचं सोडून डोक्यावर टांगती तलवार! पण एक खरं लिहिते. पहिल्या दिवशी गाडी माझ्या पायानं हलली, तवा मला हसूच आवरंना. मला ही गाडी पाहिजे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रिकामी गाडी पळवून डिझेल जाळायला आमी काय सावकार न्हाई. म्हणून शिकणं बाजाराच्या वाटेवरच चाललंय. पुढं-मागं शिकाऊची लाल अक्षराची पाटी, मागं अठरा शेळ्या, डावीकडं गोपाळ.

आजचा धडा, ब्रेक मारायचा न्हाई. म्हणजे मारायचा, पण मारायचा न्हाई. करकचून दाबला की मागच्या सगळ्या पुढं येतेत, खालची दबून मरती. लांबूनच पाय उचलायचा, गिअर उतरवत आणायचा, अन् शेवटाला ब्रेकला नुसतं बोट लावल्यासारखं लावायचं. उभं ऱ्हायलेल्या शेळीला कळू नये गाडी थांबली म्हणून. मला हे लवकर जमलं. जनमभर शेळ्यांच्या मागं फिरले, त्यांचा तोल मला पाठीला कळतो.

"आत्ता जमलं," म्हणला. एवढंच. त्याच्याच्यानं ह्याच्यावर शाबासकी निघत न्हाई.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज लय चिडले. बबिता जिंतूरला आठवीला जाती. आमची गाडी त्याच रस्त्यानं जाणार होती. पहाटे दोन फेऱ्या होत्या, पहिली फेरी गोपाळ शेतातल्या वाटेनं फाट्यापर्यंत एकटाच मारणार होता. मी म्हणले, पोरीला फाट्यापर्यंत सोडा, एसटीला धरील. न्हाई म्हणला. कामून न्हाई? "चालत जाईल." दोन किलोमीटर पोरगी दप्तर घेऊन चालत अन् चंद्रभानचा बोकड गाडीत! अन् पोरगीबी अशी गरीब, एक शब्द बोलली न्हाई, चप्पल घालून निघाली.

पुढची फेरी माझ्या हातात होती. वाटेत पोरगी दिसली, तवा हाच म्हणतो, "बबे, बस गाडीत, मम्मी सोडती." आता काय म्हणावं ह्याला? मी चालवताना पोरगी गाडीत चालती, तो चालवताना चालत न्हाई. उन्हाळ्यापासून मलाबी त्यानं कधी शेजारी बसवलं न्हाई, एकटाच जायचा. आता बसतो तर मी शिकायलेय म्हणून. मला कधीकधी वाटतं, ह्याला आमची लाज वाटती काय?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज चावटपणाची हद्द झाली. भर रस्त्यात, गाडी चौथ्या गिअरवर, अन् विचारतो, "शीले, मी जर तुझ्या अंगावर कललो तर काय करशील?"

मी म्हणले, "कलून तर बघा, एक कानाखाली देईन."

"खरं विचारायलोय. शेजारचा माणूस स्टिअरिंगवर पडला तर? डाव्या हातानं त्याला लोटायचं अन् उजव्या हातानं गाडी सरळ धरायची. करून दाखव."

अन् खरंच कलला की! अठरा शेळ्या मागं, समोरून उसाचा ट्रॅक्टर! मी कोपरानं ढकललं अन् गाडी कडंला घेतली. तोंडाला येईल ते बोलले. तो मात्र खूश. "जमलं," म्हणला. "अजून एकदा करू." मी म्हणले, खाली उतरा, आत्ताच्या आत्ता उतरा. उतरला अन् बाभळीखाली उभा ऱ्हाऊन हसायला. लय दिवसांनी हसला. मलाबी मग हसू आलं, पण मी दाखवलं न्हाई.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

घरात काहीतरी शिजायलंय अन् मला कुणी सांगत न्हाई.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू धुरपताबाई, वय पासष्ट, गुडघे गेलेले. आठ दिवसापासून काठी टेकत गोपाळच्या मागं मागं रानात जाती. तो मेंढरं चारतो, ही बांधावर बसती. तो विहिरीवर पाणी पाजायला गेला की ही विहिरीवर. मी म्हणले, "आत्याबाई, घरी पडा की जरा." तर म्हणती, "तू तुझं गाडीचं बघ." म्हणजे काय, माझ्या चहाड्या सांगायला जाती ना लेकाला! गाडी शिकायली म्हणून माझं घरात ध्यान न्हाई, भाकरी जाड व्हायली, हेच.

अन् गोपाळ आळशी झालाय ते येगळंच. बाभळीवर चढत न्हाई. मी खालून आकडीनं पाला ओढते अन् हा उभा ऱ्हाऊन बघतो. विहिरीत पोहरा पडला तर शेजारच्या सूर्यभानला हाक मारली. असा न्हवता हा माणूस. लग्न झालं तवा हाच उलटी उडी मारायचा विहिरीत, मला दाखवायला.

टेस्टची तारीख आलीय, चार डिसेंबर. जीव कुठंच लागत न्हाई. भाकरी थापताना पाय क्लच दाबायलाय.

४ डिसेंबर, गुरुवार

नापास.

लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल. आरटीओच्या मैदानात गेलो. आमचीच पिकअप, धुऊन पुसून नेली होती. साहेब तरुण होता, शेजारच्या सीटवर बसला, चांगला बोलायचा. आठचा आकडा काढायचा होता, तो मी हळूच, सावकाश काढला. मागं घेऊन दोन खांबांच्या मधात लावायची होती, ती लावली. दोघं-तिघं पोट्टे माझ्या आधी खांब पाडून गेले होते. साहेब म्हणला, "मावशी, छान. आता समोरची पांढरी रेघ दिसते ना? मी हात वर केला की रेघेच्या आत थांबवा."

मी पस्तिशीची न्हाई झाले अन् मला मावशी! तरी म्हणलं जाऊ दे.

हात वर केला. मी पाय उचलला. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला, ब्रेकला नुसतं बोट लावल्यासारखं. गाडी मजेत रेघ ओलांडून दोन हात पुढं गेली अन् मग थांबली.

"ब्रेक लागत नाहीत का गाडीला?"

"लागतेत की, साहेब."

"मग दाबला का नाही?"

"मागच्या पडतेल ना," म्हणले मी. तोंडातून गेलंच.

साहेबानं वाकून मागं बघितलं. मागं रिकामा पत्रा अन् कोपऱ्यात चार लेंड्या. रांगेतले सगळे हसले. साहेबबी हसला, पण त्यानं आणखी एकदा संधी दिली. म्हणला, समजा समोर लेकरू आलं, दाबा. मी म्हणले हो. अन् परत तेच. पायाला मी सांगायले दाब, दाब, पाय ऐकतच न्हाई. पायाला अठरा शेळ्या दिसायल्या.

"सात दिवसांनंतरची तारीख घ्या," म्हणला साहेब. "गाडी येते तुम्हाला. थांबवता येत नाही."

बाहेर आले तर गोपाळ गाडीच्या सावलीत जमिनीवर बसला, डोकं दोन्ही हातात धरून. मी नापास झाले की हा? मला धीर द्यायचा सोडून त्याचंच सुतक. मी म्हणले, "तुमीच शिकवलंत, ब्रेक मारू नको म्हणून!"

"हाव," म्हणला. "मीच शिकवलं."

५ डिसेंबर, शुक्रवार

मला न्हाई शिकायचं. सकाळी तसं तोंडावर सांगून टाकलं. गाडी इका, न्हाईतर पूजा करा तिची. नवी तारीख बावीसची भेटलीय, मी जाणार न्हाई.

९ डिसेंबर, मंगळवार

आज बाजार होता. मी हट्टानं उठले न्हाई. गोपाळ एकटाच निघाला. पंधरा शेळ्या त्यानंच चढवल्या. बबिता दारातून पळत गेली अन् त्याच्या शर्टाला धरून रडायली, "पप्पा, जाऊ नका." एवढी घोडी झाली, बाजारात जायला रडती! मी आतून वरडले, "बबे, शाळा हाय तुझी!" आत्याबाई गाडीच्या पुढं उभी. त्यानं तिला हाताला धरून बाजूला केलं.

दुपारी आला. पुढचा डावा दिवा फुटलेला, बंपर आत गेलेलं, एका शेळीचा पाय मोडलेला. मी विचारलं, काय झालं? म्हणे रोही, नीलगाय, आडवं आलं.

मी हसले. खरं लिहिते, मी पोट धरून हसले. म्हणले, "अन् मला शिकवतो! मारायचा होता की ब्रेक करकचून!"

त्यानं लंगडी शेळी उचलून सावलीत ठेवली. तांब्या भरून घेतला, पण पाणी प्यालाच न्हाई. मला वाटलं, घाबरला असंल. माणूस हाय.

मग चंद्रभान आला, फुटलेल्या दिव्यावर हात फिरवून गेला. म्हणला, "संक्रांतीपर्यंत कशाला थांबायचं, गोपाळ? अजून एकदा ठोकलीस तर मी लोखंडाच्या भावात घेईन."

११ डिसेंबर, गुरुवार

सोळा वर्षं झाली ह्या घरात. आत्याबाईनं मला कधी कशासाठी गळ घातली न्हाई. ती हुकूम सोडती, मी तोंड वाजवते, अन् काम होतं. आज मी शेळीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधत बसले होते, तर माझ्या समोर येऊन खाली बसली. त्या गुडघ्यांनी.

"पोरी," म्हणली. "गाडी हातात घे."

"मला न्हाई येत, आत्याबाई."

"येती. तुझ्या पाया पडू का?"

मी तिचे हात धरले. हे काय बोलणं झालं? एवढा कशाचा घोर लागलाय म्हणून विचारलं तर डोळ्याला पदर लावला. "गाडी घरात ऱ्हाऊ दे, पोरी. गोपाळच्या हातात न्हाई. तुझ्या हातात." म्हणजे लेकापेक्षा सुनेवर इतबार! मला आतून लय भारी वाटलं. मोठेपणाच वाटला, दुसरं काही डोक्यात आलं न्हाई.

हाव म्हणले.

१४ डिसेंबर, रविवार

रिकामी गाडी घेऊन पडीक रानात गेलो, जळू दे डिझेल. गोपाळ शेजारी बसतो अन् मधेच वरडतो, "थांब!" मी दाबायचं. पहिल्या वीस वेळा पाय मऊच पडला. मग त्यानं युक्ती काढली. म्हणला, "मागं बघू नको. मागं काही न्हाई असं समज. पुढं बबिता हाय."

दाबला. गाडी जाग्यावर मेली, दोघांची डोकी पुढं गेली, धूळ वर आली. मला रडू फुटलं. पोरीचं नाव कशाला घ्यायचं असल्या गोष्टीत?

"परत," म्हणला. अजिबात दया न्हाई. "परत. अजून एकदा, शीले."

१८ डिसेंबर, गुरुवार

झोप न्हाई, भूक न्हाई. चालताना मधेच थांबून टाच दाबते. बबिता हसती. काल तिला हाक मारली "थांब" तर तीच म्हणली, "मम्मी, आता तुला पाय हाय का ब्रेक?"

आज गोपाळ परत तसाच झाला. मी गाडी वळवत होते, विचारलं, डाव्या बांधानं घेऊ का उजव्या? उत्तर न्हाई. बघते तर ओठ चाटायलाय, समोर बघायलाय, मी शेजारी हाय का न्हाई काही न्हाई. राग आला, पण मी ठरवलंय, बावीस तारखेपर्यंत भांडायचं न्हाई. माझ्या मनानं उजव्या बांधानं घेतली. गाडी नीट निघाली. जरा येळानं हाच विचारतो, "आपण हितं कवा आलो?"

मी म्हणले, "तुमी फुगून बसले होते तवा."

२२ डिसेंबर, सोमवार

पास.

पास झाले अन् लिहायला बसले तर हात चालत न्हाई. आधी पास व्हायचं लिहिते.

तोच साहेब होता. मला ओळखलं. म्हणला, "मावशी, आज मागे कोणी आहे का?" मी म्हणले, "कुणी न्हाई, साहेब. तुमी हात वर करा." आठ काढला, मागं लावली, चढावर उभी करून परत उचलली. हात वर झाला अन् मी दाबला. चाकं रेघेच्या एक वीत अलीकडं. साहेबाचा पेन डॅशबोर्डवरून खाली पडला. पेन उचलून म्हणला, "बास, बास. पास."

मी पळतच बाहेर आले. भर मैदानात गोपाळचा हात धरला, लाज न्हाई, शरम न्हाई. त्याचे डोळे भरले. मी म्हणले, "आता तुमी चालवा. मला सगळ्यांना फोन करायचेत, माझ्या आईला, माझ्या भावाला." अन् चावी त्याच्याकडं केली.

त्यानं घेतली न्हाई. जाऊन डाव्या दारापाशी उभा ऱ्हायला.

"तूच चालव."

"आवं, आज एक दिवस तर बायकोला आराम द्या!"

"मी आता गाडी चालवत न्हाई, शीले."

मला वाटलं, झालं, फुगला. बायको पास झाली ते बघवलं न्हाई. मी तिथंच सुरू झाले. सहा महिन्याचं सगळं काढलं. बोललं की गप बसता, आळशी झालात, पोरीला चालत लावता, मला तोडून बोलता. चहाच्या गाड्यावरचे लोक बघायलेत. तो ऐकत ऱ्हायला. माझं संपल्यावर म्हणला, "मी गप बसत न्हाई. मी तिथं नसतोच."

मला कळलं न्हाई.

"एप्रिलापासून. मधेच सगळं जातं. रस्ता, आवाज, सगळं. पहिल्यांदा झरीच्या अलीकडं झालं. भानावर आलो तर गाडी हळदीच्या रिकाम्या रानात उभी अन् मागं शेळ्या वरडायल्या. रानात कशी गेली, माहीत न्हाई. परभणीला डॉक्टरला दाखवलं. फिट म्हणला. माणूस पडत न्हाई, हातपाय झाडत न्हाई, पण ही फिटच. गोळ्या दिल्या. गाडी बंद, विहीर बंद, झाडावर चढणं बंद म्हणला."

"अन् तरी चालवली?"

"चालवली. एकटा, हळू. चूक केली. सहा महिने रोज चूक केली. मग तुझं लर्निंग काढलं."

"अन् ते रोही?"

खाली बघितलं त्यानं. "रोही न्हवतं."

मी हसले होते. मी त्या दिवशी अंथरुणात ऱ्हायले हट्टानं अन् हा गेला, अन् आला तवा मी पोट धरून हसले.

मग घरी तर जायचंच होतं. अन् गाडी चालवणारं आता एकच माणूस होतं. परभणी ते बोरी मी कशी आणली, मला आठवत न्हाई, पण सावकाश आणली.

२३ डिसेंबर, मंगळवार

सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याबाईला ठाऊक. बबिताला ठाऊक, तिच्या समोर झालं होतं जूनमध्ये, तिनंच मागच्या महिन्यात आजीला सांगितलं. मलाच तेवढं न्हाई.

रात्रभर धुमसत होते, सकाळी तिघांना समोर बसवलं. म्हणले, मी ह्या घरात कोण हाय? मला कामून सांगितलं न्हाई?

गोपाळ म्हणला, "आधीच सांगितलं असतं तर तू भिऊन गाडीला हात लावला नसतास."

आत्याबाई काठी घेऊन उठायली. मी धरून बसले, बोला, बोला. तवा म्हणली, "शीले, राग धरू नको. तुझ्या पोटात काही ऱ्हात न्हाई. सकाळी सांगितलं की दुपारपर्यंत चार वस्त्यांवर झालं असतं. फेफऱ्याचं घर म्हणून पोरीला उद्या स्थळ येत न्हाई. गोपाळच्या गाडीत कुणी आपली शेळी घालत न्हाई."

खरंच होतं. मागच्या साली जावेच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, ते कुणाच्या तोंडानं गावभर झालं? माझ्याच. मी सांगितलं, सहज, चहा पिता पिता.

लाज वाटली. इतकी लाज मला नापास झाल्यावरबी वाटली न्हवती.

२९ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरकडं नेलं. मीच चालवत नेलं. मीच आत गेले, सगळं विचारलं. गोळ्या हा मधेमधे बंद करायचा, बरं वाटलं की. डॉक्टर रागावला. दोन्ही टायमाची गोळी चुकवायची न्हाई, झोप मोडायची न्हाई. बरेच दिवस एकदाबी झालं न्हाई तर पुढचं पुढं बघू म्हणला, तोवर गाडीला हात न्हाई. असं पुष्कळ लोकांना असतं, म्हणला, अन् ते सगळं करतेत, लग्न, लेकरं, शेती. मी म्हणले, हे आमच्या वस्तीवर येऊन सांगता का? डॉक्टर हसला. मी चेष्टा करत न्हवते.

गोळ्यांची डबी आता माझ्या ताब्यात.

६ जानेवारी, मंगळवार

आज पहिला बाजार, पक्क्या लायसनवर. मी चालवायला, मधी बबिता, तिची शाळा बुडवली आज मी मुद्दाम, अन् डावीकडं गोपाळ. मागं बावीस शेळ्या, त्यात सहा चंद्रभानच्या.

बाजारात गाडी लावली. मी उजव्या दारातून उतरले, गोपाळ डाव्या. चंद्रभान चार व्यापाऱ्यांसोबत उभाच होता. मोठ्यानं म्हणला, "काय गोपाळ! बायकोनं क्लीनर केलं का रं तुला? का हात-पाय गळाले? तू कामून चालवत न्हाईस आता?"

गोपाळ हसला, पण त्याचं तोंड उतरलं. मला दिसलं. चंद्रभान बघायलाय, बाकीचे बघायलेत, अन् बबिता माझ्याकडं बघायली, डोळे मोठे करून. आता मम्मी बोलती म्हणून.

बोलले. बाजार ऐकंल असं बोलले.

"त्यांना काय विचारता, भाऊजी? मला विचारा! मीच बसू देत न्हाई. सोळा वर्षं शेळ्यांच्या लेंड्यात बसून गेले, आता मला मिरवायचंय. लायसन माझं, गाडी माझी, हौस माझी. ज्याला बाईच्या हातची गाडी चालत न्हाई त्यानं आपले बोकड डोक्यावर आणावे!"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणलं, लय शेफारली ही. एक म्हातारा गोपाळला म्हणला, "बायकोला वेसण न्हाई घातली बाबा तू." गोपाळ म्हणला, "काय करता मामा, ऐकती कुठं." अन् मग सगळे त्याच्यावर अन् माझ्यावर हसायले, अन् दुसरं कुणाच्या डोक्यातबी आलं न्हाई. चंद्रभानच्यासुद्धा. उद्या चार वस्त्यांवर होईल, गोपाळची शीला कशी माजलीय ते. होऊ दे.

शेळ्या गेल्या, सगळ्या गेल्या. परत निघालो. बबिता मधी झोपली, डोकं त्याच्या मांडीवर. गोपाळ खिडकीबाहेर बघत होता. बराच येळ गप. माझा एक डोळा रस्त्यावर, एक त्याच्यावर.

"आवं," म्हणले. "हितंच हाव ना तुमी?"

"हितंच हाय."

झरीच्या पुलावर परत विचारलं. हितंच हाय म्हणला. फाट्यावर विचारलं. बोरी येईपर्यंत मी अकरा वेळा विचारलं असंल, अन् एकदाबी तो चिडला न्हाई. अकरा वेळा म्हणला, हितंच हाय.